पहिल्या कथा कोणाला दाखवाव्यात आणि काय विचारावे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही सव्वीस वर्षांच्या आहात, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करता, दोन वर्षांत सहा कथा लिहून झाल्या आहेत आणि त्या अजून वहीबाहेर पडलेल्या नाहीत. एकदा मावसभावाने वही उघडून चार ओळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्या, घरचे हसले, आणि तेव्हापासून कोणाला काही दाखवायचे म्हटले की तुमचे हातपाय गार पडतात. तरीही आपली कथा कथा म्हणून उभी राहते का, हे कोणीतरी सांगावे असे वाटते. कोणाला दाखवू आणि या लाजेचे काय करू, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे एका त्रैमासिकाच्या कथाविभागाचे काम पाहते, आणि त्यांतली चौदा वर्षे आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा नव्या कथालेखकांची बैठक घेते. तुमच्यासारखे लेखक तिथे नेहमी येतात, दाराजवळच्या खुर्चीवर बसतात आणि पहिले तीन-चार महिने एक शब्द बोलत नाहीत. त्यांना पाहून माझे असे मत झाले आहे की लाज घालवण्याच्या मागे लागू नये. ती जाते तेव्हा जाते. अडचण खरे तर आपण वाचणाऱ्याला जो प्रश्न विचारतो त्यात असते.

आपण कथा पुढे करतो आणि विचारतो, ‘कशी वाटली?’ या दोन शब्दांत दोन प्रश्न असतात. एक कथेविषयी, आणि दुसरा, न उच्चारलेला, स्वतःविषयी: मी लिहिण्याच्या लायकीची आहे का? समोरच्याला हा दुसरा प्रश्न लगेच ऐकू येतो आणि तो उत्तर त्याचेच देतो. जीव लावणारा माणूस ‘छान आहे, लिहीत राहा’ म्हणतो, आणि थट्टेखोर माणूस हसतो. दोन्ही उत्तरे तुमच्याविषयीची झाली, कथा आहे तिथेच राहिली. मावसभावाने वाचली ती तुमची वही होती, तुमचे अक्षर होते. त्या दिवशी तुमची कथा कोणी वाचलीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून मी बैठकीत नव्या लेखकाला पहिली गोष्ट सांगते ती ही की, वाचकाला मत विचारू नका, गोष्ट परत सांगायला लावा. ‘या कथेत काय काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’ एवढेच विचारायचे. यात कोणी कोणाला मार्क देत नाही. वाचकालाही ते सोपे जाते, कारण समीक्षा करायची म्हटली की माणसे बिचकतात, पण वाचलेली गोष्ट सांगायला सगळ्यांना येते. आणि तुम्हाला मात्र जे कळायला हवे ते सगळे त्या सांगण्यात कळते: काय पोचले, काय गळले, कुठे त्याने स्वतःच्या पदरचे घातले.

याचे एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. बैठकीतल्या एका मुलाने वडिलांच्या सेवानिवृत्तीच्या दिवसाची कथा लिहिली होती. संध्याकाळी वडील हार, शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. आई पाण्याचा तांब्या देते, चहा टाकते, शेजारचे येऊन जातात, आणि शेवटी सगळे झोपल्यावर तो नारळ न फोडलेला, ओट्यावर तसाच असतो. कथा तिथे संपत होती. लेखकाच्या मनात असे होते की वडिलांनी फंडातून परस्पर पैसे काढून धाकट्या भावाला दिले आहेत, आईला ते कळले आहे, आणि नारळ न फोडणे हा तिचा निषेध आहे. ती कथा आम्ही एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेला वाचायला दिली आणि परत सांगायला सांगितली. बाई म्हणाल्या, “वडील रिटायर झाले. घरी पाहुणे आले. आई बिचारी दिवसभर राबून दमलेली, त्यामुळे नारळ फोडायचा राहून गेला. उद्या फोडतील.”

लेखकाचा चेहरा उतरला. पण बाईंनी चूक केली नव्हती. कागदावर जे होते त्यातून निघणारी गोष्ट तीच होती. फंडाचे पैसे लेखकाच्या डोक्यात होते आणि कथेत त्यांच्याविषयी एकच अर्धे वाक्य होते, तेही दिराच्या तोंडी, गडबडीत. महिनाभराने तो कथा पुन्हा घेऊन आला. त्याने कुठेही खुलासा घातला नव्हता. त्याने फक्त पहिल्या पानावर आई सकाळीच, येणाऱ्या शालीसाठी जागा करताना ट्रंकेच्या तळाशी पासबुक पाहते, एवढे घातले, आणि शेवटी नारळ ओट्यावरून उचलून ट्रंकेत, त्या पासबुकावर नेऊन ठेवला. नवी प्रत दुसऱ्या वाचकाला दिली. तो सांगता सांगता मध्येच थांबला आणि म्हणाला, “म्हणजे तिला सकाळपासूनच माहीत होतं.” या दोन प्रतींमध्ये ‘कथा चांगली आहे’ किंवा ‘वाईट आहे’ असे कोणीही, एकदाही म्हणाले नव्हते.

आता कोणाला दाखवावे, हा तुमचा पहिला प्रश्न. याचे उत्तर बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमची सगळी परिस्थिती मला माहीत नाही. कथा घरातल्या माणसांवर बेतलेल्या असतील तर घरच्यांना आत्ता दाखवू नका. ते स्वतःला शोधत वाचतील आणि सापडले की दुखावले जातील. तशा नसतील, तर घरातही फार चांगला वाचक सापडू शकतो. बैठकीतल्या एका लेखिकेची सर्वांत नेमकी वाचक तिची जाऊ आहे, जी एरवी साप्ताहिकाखेरीज काही वाचत नाही. तुमची भाषा कोणती, यावरही बरेच ठरते. तुम्ही बोलीत लिहीत असाल, निवेदन नाही तरी निदान संवाद, तर ती बोली कानावरून गेलेला वाचक आधी शोधा. नाहीतर तुम्हाला अभिप्राय म्हणून शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या मिळतील. मालवणीतल्या किंवा वऱ्हाडीतल्या संवादावर लाल पेनाने प्रमाण मराठी घातलेली पाने माझ्याकडे आलेली आहेत, आणि त्या लेखकांनी पुढे बोलीत लिहिणे सोडून दिलेले मी पाहिले आहे. त्याचे मला आजही वाईट वाटते.

ओळखीतून सुचत नसेल तर वाचनालयात जा. ग्रंथपालाला गावातले वाचक ठाऊक असतात: कोण कादंबऱ्याच नेते, कोण कथासंग्रह शेवटपर्यंत वाचून मगच परत करते, कोण दिवाळी अंकातल्या कथांवर काउंटरशी उभे राहून बोलते. ‘मला एक कथा वाचून हवी आहे, इथे नियमित कथा वाचणारं कोण आहे?’ एवढे विचारायला धैर्य लागते हे खरे, पण कथा हातात देण्यापेक्षा ते पुष्कळ कमी लागते. कथा कोणाची, हे त्या क्षणी सांगावे लागत नाही.

पहिला वाचक लेखक असलाच पाहिजे असे मुळीच नाही, किंबहुना नसलेला बरा. लिहिणारा माणूस वाचता वाचता ‘मी असतो तर कसे लिहिले असते’ या वाटेने जातो. मीही जाते, आणि इतक्या वर्षांनीही मला स्वतःला थांबवावे लागते. शिवाय एक माणूस तुमची कथा पहिल्यांदा एकदाच वाचू शकतो. दुसऱ्या वेळी त्याला शेवट माहीत असतो, पात्रे ओळखीची असतात, आणि कथेतली भोके तो आपल्या आठवणीने बुजवतो. म्हणून पाच वाचक मिळाले तरी पाचांना एकदम प्रत देऊ नका. पहिल्या खर्ड्याला एक किंवा दोन, सुधारलेल्या प्रतीला पुढचे दोन. एखादा ताजा वाचक राखून ठेवलेला असावा.

वही कोणाच्याही हातात देऊ नका. हे मी आग्रहाने सांगते. मोबाइलवर युनिकोडमध्ये कथा टंकित करा, झेरॉक्सच्या दुकानातून छापून घ्या, ओळींत दुप्पट अंतर आणि उजवीकडे तीन बोटे समास ठेवा. अक्षर हे माणसाचे असते. छापलेले पान थोडेसे परके होते, आणि तुम्हाला हवे आहे ते हेच परकेपण. टंकताना तुम्हालाच दहा-बारा जागा खटकतील, तो वेगळा लाभ. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवणे सोयीचे वाटेल, पण लहान गावात ती फाइल संध्याकाळपर्यंत कुठे कुठे जाईल याचा भरवसा नसतो, आणि तुमच्यासारख्या स्वभावाच्या माणसाची त्या धास्तीनेच झोप उडेल. कागद द्या आणि कागद परत घ्या.

समोरासमोर बसून गोष्ट ऐकणेही आज जमत नसेल तर त्याला एक पर्याय आहे. वाचकाला कागदाबरोबर शिसपेन्सिल द्या आणि सांगा की वाचताना जिथे लक्ष उडेल तिथे समासात उभी रेघ मारा, आणि जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागेल तिथे फुली. बाकी काही लिहू नका. वाचक कागद तुमच्या टेबलावर ठेवून जाईल आणि तुम्ही तो घरी, एकट्या असताना बघाल. एका वाचकाची रेघ म्हणजे कदाचित कुकरची शिट्टी झाली असेल. पण दोघांच्या रेघा एकाच परिच्छेदाशेजारी आल्या तर तो परिच्छेद पुन्हा बघावा लागतो. माझ्या अनुभवात अशा रेघा बहुतेक वेळा पहिल्या दीड पानात येतात, कारण नवा लेखक वाडा, अंगण, पाऊस आणि संध्याकाळ यांचे वर्णन करून मग माणसांकडे वळतो. वाचक तोवर थकलेला असतो.

आतापर्यंतचे एवढे धरून ठेवा: कागद छापलेला, वाचक एक किंवा दोन, प्रश्न मताचा नाही, आणि तोंडी जमत नसेल तर पेन्सिल.

वाचकाचे ऐकताना मधे बोलू नका. ‘नाही, म्हणजे मला असं म्हणायचं होतं की…’ हे वाक्य ओठावर येईलच. ते गिळा. तुम्ही खुलासा केलात की वाचकाला जे कळले नव्हते ते कळते आणि तो तुमच्या समाधानासाठी म्हणतो, ‘हो हो, तसंच वाटलं होतं.’ मग तुमच्याकडे काहीच उरत नाही. आमच्या बैठकीत नियमच आहे: कथेवर लेखकाचे नाव नसते, ती दुसराच कोणीतरी वाचून दाखवतो, आणि पहिली वीस मिनिटे लेखकाने आपण लेखक आहोत हेही कळू द्यायचे नाही. हा नियम लाजाळू लोकांसाठी म्हणून केला होता, पण त्याचा फायदा धीट लोकांना अधिक झाला, कारण त्यांना खुलासे करण्याची सवय जास्त असते. आपली कथा दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तो कुठे अडखळतो, कुठे वेगळ्याच शब्दावर जोर देतो, हे कानाला फार लवकर समजते. हा प्रयोग घरी करायला एखादी मैत्रीण आणि बंद खोली पुरते.

मिळालेल्या सूचनांचे काय करायचे, याविषयी माझा नियम जुन्या वैद्यासारखा आहे. दुखते कुठे हे रोग्याने सांगायचे, औषध वैद्याने ठरवायचे. वाचक ‘इथं कंटाळा आला’ म्हणाला तर तो खरे बोलतो आहे, त्यावर वाद नाही. पण ‘इथं एखादा प्रेमप्रसंग घाला’ असे म्हणाला तर ते त्याने सुचवलेले औषध झाले, आणि कथेच्या बाबतीत वैद्य तुम्ही आहात. सूचना ऐकून त्याच रात्री दुरुस्ती करू नका. निदान आठ दिवस जाऊ द्या. रागाने केलेली आणि खूश करण्यासाठी केलेली, अशा दोन्ही दुरुस्त्या मी छापील प्रतीतही ओळखू शकते, कारण त्या जागी भाषा एकदम कडक नाहीतर एकदम गोड होते.

मला स्वतःला हे कसे उमगले तेही सांगते. तेवीसाव्या वर्षी मी पहिली कथा एका मासिकाला पाठवली. त्याआधी ती पाच-सहा जणांनी वाचली होती आणि सगळ्यांनी कौतुक केले होते. मासिकाकडून कथा परत आली, सोबत एक पोस्टकार्ड होते आणि त्यावर एकच ओळ: ‘सुमन खोलीत शिरते तेव्हा अंधार आहे, मग ती पत्र कशी वाचते?’ मी घाईने पाने उलटली. खरोखरच मी दिवा लावायला विसरले होते. मात्र त्या ओळीने मला दिव्यापेक्षा मोठी गोष्ट दाखवली. मी त्या खोलीत सुमनबरोबर गेलेच नव्हते, मी बाहेर उभी राहून तिच्या दुःखाविषयी वाक्ये जुळवत होते. पाच-सहा जणांच्या कौतुकापेक्षा त्या एका प्रश्नाने मला जास्त शिकवले, आणि त्यात माझ्या लायकीविषयी एक अक्षरही नव्हते.

असे संपादक मराठीत होते. ‘सत्यकथा’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रव्यवहार करून, प्रश्न विचारून कथा पुन्हा लिहून घेत. ते मासिक १९८२मध्ये बंद झाले. आज मात्र कथा थेट दिवाळी अंकाला पाठवून अभिप्रायाची वाट पाहू नका. दर वर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात, त्यांतल्या बहुतेकांचे काम मूठभर माणसे करतात, आणि नाकारलेल्या कथेवर चार ओळी लिहायला त्यांच्याकडे वेळ नसतो. उत्तर न येणे म्हणजे कथेविषयीचे मत नव्हे. आम्हीही कित्येकदा केवळ पाने भरली म्हणून चांगली कथा परत केली आहे, आणि त्यातल्या काहींची रुखरुख राहिली आहे. अंकाला कथा जरूर पाठवा, पण ती छापून यावी म्हणून पाठवा. आणि अभिप्रायासाठी किंवा ‘प्रातिनिधिक संग्रहात’ घेण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर कागद परत मागा आणि निघून या.

टोपणनावाने लिहू का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. लिहा, त्यात कमीपणा काही नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आला. त्यातल्या अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या कथांनी खळबळ उडाली आणि ही विभावरी कोण, याविषयी तर्क सुरू झाले. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी त्या टोपणनावाच्या आडून जे लिहिले ते स्वतःच्या नावाने त्या काळात लिहिता आले असते का, मला शंका आहे. तुमच्या बाबतीत टोपणनावाचा उपयोग एवढाच की लोकांचे बोलणे आधी कथेवर येईल. मात्र ज्या एक-दोन वाचकांकडून गोष्ट परत ऐकायची आहे, त्यांना कथा तुमची आहे हे केव्हातरी सांगावे लागेल. ते पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे असे नाही.

आता सहापैकी कोणती कथा आधी द्यायची? जी सर्वांत जिव्हाळ्याची आहे ती देऊ नका, तिच्याविषयी एक शब्दही ऐकवणार नाही. जी तुम्हालाच फसलेली वाटते तीही नको, कारण तिच्यातले दोष तुम्हाला आधीच माहीत आहेत. जिच्याविषयी तुम्ही खरोखर साशंक आहात, म्हणजे कधी बरी वाटते, कधी नाही, ती द्या. दीड-दोन हजार शब्दांहून मोठी नसावी, म्हणजे वाचणाऱ्याला एका बैठकीत संपवता येईल. ती महिनाभर न पाहता बाजूला ठेवलेली असली तर अधिक चांगले.

आणि कागदांना टाचणीने एक चिठ्ठी जोडा, म्हणजे देताना तोंडाने काही बोलावे लागणार नाही. तिच्यात एवढेच लिहा: ‘ही एक नवी कथा आहे, अजून पक्की झालेली नाही. सवडीने एकदाच वाचावी. लक्ष उडेल तिथे पेन्सिलने रेघ मारावी. वाचून झाल्यावर यात काय घडते ते मला चार वाक्यांत सांगावे किंवा मागच्या कोऱ्या पानावर लिहावे. चांगली-वाईट सांगण्याची गरज नाही. कागद पुढच्या शनिवारी घेऊन जाईन.’ वार नक्की लिहा. वाट पाहण्याला मुदत असली की ती सोसवते, आणि वाचणाराही वेळेवर वाचतो.